नामदेवदादांच्या नावावरची माझी चूक

नामदेवदादा गेल्याचं मला व्हॉट्सअॅपवर कळलं. पेणच्या जुन्या ऑफिसातल्या आम्हा सात-आठ जणांचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर वाढदिवस आणि गणपतीचे फोटो यापलीकडे काही येत नाही. मी पुण्याला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवत होते. ‘नामदेव पाटील आज सकाळी गेले. हार्ट अटॅक. घरीच.’ एवढंच होतं. मग एकेकाचे जोडलेले हात येऊ लागले. आमच्या तेव्हाच्या संचालकांनी थोडं सविस्तर लिहिलं होतं, ‘अतिशय सज्जन आणि कष्टाळू माणूस. त्या एका चुकीमुळे मागे पडला, नाहीतर बराच पुढे गेला असता.’ मी तो मजकूर दोनदा वाचला. त्याखाली काय लिहायला हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्याला चार शब्द पुरले असते... मी जोडलेले हात पाठवले आणि ताटातला भात संपवला.

त्याला आता सात आठवडे झाले. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. हे लिहायला बसले आहे ते त्यासाठीच. पण तेवढंच लिहिलं तर नामदेवदादा पुन्हा त्या चुकीपुरतेच उरतील, म्हणून ते कोण होते ते आधी सांगते.

मी रोह्याची. घरची जमीन आजोबांबरोबरच संपली. वडील, काका, आत्या सगळे शिक्षक. शुद्ध बोलणं आणि वेळेवर पोचणं या दोन गोष्टींना आमच्या घरात फार मान. इंजिनिअर झाल्यावर पहिली नोकरी मला पेणला लागली. बाजारामागच्या एका इमारतीत दोन खोल्यांचं ऑफिस, खाली गणपतीच्या रंगांचं दुकान. धरमतरच्या खाडीत कोणत्या दिवशी किती पाणी चढेल ते आधी काढून द्यायचं, हे आमचं काम. जेटीवर येणाऱ्या बार्जवाल्यांना ते लागायचंच, पण खरी गरज खारेपाटातल्या गावांना. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे, मातीच्या बांधाच्या भरवशावर टिकलेली. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की त्या जमिनीत पुढची दोन-तीन वर्षं भात होत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, म्हणजे उधाणाला, पाणी किती चढणार ते आमच्या कॉम्प्युटरवरून गावोगावच्या ठरलेल्या माणसांना मोबाइलवर जायचं. आकडा मोठा असला की गाव चिखल-पेंढा घेऊन बांधावर उभं राहायचं.

नामदेवदादा त्याच खारेपाटातले. वडील मिठागरावर कामाला, शिवाय बांधाच्या आत थोडी भातजमीन. पेणच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम केलं आणि कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स शिकले, एकट्याने, इंग्रजी शब्द वहीत उतरवून घेत. आमच्या ऑफिसातले तिन्ही कॉम्प्युटर त्यांच्या हाती होते. हुद्दा मात्र ‘सहायक’, तोही वर्षावर्षाच्या करारावर. संचालक मला ‘मृणालताई’ म्हणायचे आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या या माणसाला ‘ए नामदेव’. मला ते खटकायचं, असं आज लिहायला बरं वाटलं असतं. तेव्हा खटकत नव्हतं. उलट रोह्याला घरी जेवताना त्यांच्या ‘नाय’ आणि ‘हाय’ची नक्कल करून मी सगळ्यांना हसवलं होतं.

आणि मला जे काही येत होतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं. कॉलेजात मी लिनक्स परीक्षेपुरतंच पाहिलं होतं. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे, त्या खिडकीमागे जो ऐकणारा असतो त्याला शेल म्हणतात, एवढं पाठ होतं. आमचा भरतीचा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा, फोर्ट्रानमध्ये लिहिलेला. तसा लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात उतरवून देणारा जो असतो तो कंपाइलर. एका कॉम्प्युटरवर दोन कंपाइलर ठेवता येतात, जुना आणि नवा, आणि पाहिजे तो लावता येतो. एके दुपारी नामदेवदादांनी मला शेजारी बसवून दोन खिडक्या उघडल्या. पहिलीत त्यांनी कंपाइलर बदलून नवा लावला, आणखी एक छोटा हुकूम दिला, आणि मग दोन्ही खिडक्यांना विचारलं, तुझा कंपाइलर कुठला? पहिलीने नवा सांगितला. दुसरीने जुना. एकाच कॉम्प्युटरवर असं कसं, म्हणून मी चक्रावले.

“खिडकी उघडते तेव्हा एकदाच फाइल वाचते,” ते म्हणाले, “कुठलं हत्यार कुठं ठेवलंय त्याची. मागाहून आपण हत्यार बदललं तर तिला कोण सांगणार? ती जुन्याच जागी हात घालते. म्हणून बदललं की जेवढ्या खिडक्या उघड्या, तेवढ्यांत सोर्स करायचं, ती फाइल परत वाचायला लावायची. नायतर बंद करून नवी उघडायची. आणि कंपाइल करायच्या आधी एकदा विचारायचं गो, कुठला हायस म्हणून. विचारायला काय जातं?”

तो हुकूम त्यांनी माझ्याकडून दहादा टाइप करून घेतला. सोर्स, मग एक जागा सोडून स्लॅश इटीसी स्लॅश प्रोफाइल. ते स्वतः कितीही घाईत असले तरी कंपाइल करण्याआधी खिडकीला तिचा कंपाइलर विचारल्याशिवाय पुढे गेलेले मी कधी पाहिले नाहीत.

मी तिथे लागल्याच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात, संचालकांनी प्रोग्रॅम नव्या कंपाइलरवर न्यायचं ठरवलं. नामदेवदादांनी शुक्रवारी तो कॉम्प्युटरवर बसवून ठेवला. शनिवारी ते धरमतरला पाणी मोजायच्या यंत्राचं काहीतरी बिघडलं म्हणून तिकडे गेले आणि कंपाइल करायचं काम माझ्यावर आलं. त्याच दिवशी चार वाजता रोह्याला माझ्या वडिलांचा निवृत्तीचा सत्कार होता. एकची एसटी गाठायची होती. बारा वाजता नामदेवदादांचा जेटीवरून फोन आला. मागे बार्जच्या इंजिनाचा आवाज होता. कंपाइलर बदललास का, खिडक्या ताज्या केल्यास का, असं त्यांनी विचारलं. मी ‘हो, हो’ म्हटलं. माझ्यासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत मी कंपाइलर बदलला होता, सोर्स केलं होतं, आणि भरतीचे आकडे वाचणारा भाग नव्या कंपाइलरने करून घेतला होता. दुसरी सकाळपासून उघडीच होती. मुख्य प्रोग्रॅम मी तिच्यात केला. तिला काही विचारलं नाही. काम झाल्यावर मागच्या वर्षीच्या खऱ्या भरतीशी आकडे ताडून पाहायचे असतात, त्याला वीस मिनिटं लागतात. ते सोमवारी करू म्हटलं, प्रोग्रॅम चालू करून ठेवला, आणि स्टँडवर धावले. गाडी मिळाली. सत्काराला मी पहिल्या रांगेत होते.

रविवारी पौर्णिमा होती. अर्धा प्रोग्रॅम नव्या कंपाइलरचा, अर्धा जुन्याचा. दोघांची आकड्यांच्या यादीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाने दिलेले काही आकडे दुसऱ्याला शून्य दिसले. प्रोग्रॅम बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो बंद पडला नाही, त्याने शांतपणे चुकीचं उत्तर दिलं. सकाळी गावांना निरोप गेला की पाणी नेहमीचंच. बांधावर कोणी गेलं नाही. दुपारी साडेबाराच्या सुमाराला नामदेवदादांच्याच गावाजवळ बांधाला खांड पडली आणि नुकत्याच लावलेल्या भातात खारं पाणी शिरलं. जीव कोणाचा गेला नाही. जमीन गेली. त्यात त्यांच्या वडिलांचीही होती.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. कंपाइल करताना काय काय झालं त्याची नोंद कॉम्प्युटर एका फाइलमध्ये ठेवतो. ती उघडली. वरच्या अर्ध्या भागात नव्या कंपाइलरचा क्रमांक होता, खालच्या अर्ध्यात जुन्याचा. मला एक मिनिटही लागलं नाही. मग माझं खाली लक्ष गेलं. कॉम्प्युटरसमोरच्या फरशीवर वाळलेल्या चिखलाची पावलं होती. रविवारी संध्याकाळी नामदेवदादा बांधावरून तसेच इथे येऊन गेले होते, याच खुर्चीपाशी. मी फडक्याने फरशी पुसली. सगळ्या खिडक्या बंद करून नवी उघडली आणि अख्खा प्रोग्रॅम पहिल्यापासून कंपाइल केला. तसं केलं की जुनी नोंद पुसली जाते, तिच्या जागी नवी येते. लवकर दुरुस्ती व्हावी म्हणून केलं, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आले... दुरुस्तीसाठी ती नोंद पुसायची काही गरज नव्हती, आधी तिची प्रत काढून ठेवता आली असती.

दुपारी संचालकांच्या खोलीत बैठक झाली. गावाकडची दोन माणसं आली होती, हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी. संचालकांनी विचारलं, नवा कंपाइलर कॉम्प्युटरवर कोणी बसवला? नामदेवदादा म्हणाले, मी. मग माझ्याकडे वळून, आवाज बदलून, संचालकांनी विचारलं, “मृणालताई, तुम्ही शनिवारी काही वेगळं केलंत का?”

“नाही सर,” मी म्हटलं. “मी नेहमीसारखंच कंपाइल केलं.”

नामदेवदादांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गातल्या हुशार मुलीचं उत्तर चुकल्यावर मास्तर पाहतात तसं, थोडा वेळ देऊन. मी वहीत काहीतरी लिहीत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली. नवा कंपाइलर नीट बसवला गेला नव्हता, असं ठरलं. गावाकडच्या माणसांपैकी एक जण जाताना त्यांना म्हणाला, “नाम्या, तुझ्याच मशीननं बुडवलं रं.” सप्टेंबरात त्यांचा करार संपला तो पुन्हा झाला नाही. त्यांची कामं माझ्याकडे आली, आणि त्या अनुभवावर पुढे मला पुण्याची नोकरी मिळाली. मुलाखतीत मला विचारलं होतं, कंपाइलर बदलल्यावर उघडा शेल ताजा का करावा लागतो. मी फार छान समजावून सांगितलं. शब्द त्यांचेच होते, फक्त ‘नाय’चं ‘नाही’ केलं होतं.

ते डोलवीला कंपनीत कंत्राटावर लागले, गाड्यांच्या वजनकाट्यावर. शिफ्टमध्ये खिडकीत बसून आकडे टाइप करायचे. मधल्या काळात आमचं बोलणं म्हणजे दिवाळीचा मेसेज. त्यांचा आधी यायचा.

गेल्या वर्षी गणपतीआधी मी रोह्याला चालले होते, आणि वडखळला उतरून त्यांना फोन केला. का केला ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या महिन्यात माझ्या हाताखालच्या एका मुलीने अगदी तीच चूक केली होती, आणि माझ्यासमोर येऊन सरळ सांगितली होती. सांगायला तिला एक क्षण लागला होता. नामदेवदादा शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकलवर आले. केस पिकले होते, छातीवर कंपनीचं ओळखपत्र. आधी त्यांनी माझ्या आईवडिलांची चौकशी केली. मग त्यांची पत्नी, वैशालीवहिनी, जोह्याला माहेरच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायला गेली आहे, हल्ली तिला मागणी आहे, असं कौतुकाने सांगितलं. चहा आला. मी कपाकडे बघत सगळं सांगितलं, नोंद पुसल्याचंसुद्धा.

“मी रविवारीच बघितली व्हती गो ती फाइल,” ते म्हणाले.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

त्यांनी कप खाली ठेवला. “आधी वाटलं, तूच बोलशील. तू नाय बोललीस. मग वाटलं, मी बोललो तर ऐकणार कोण? तू बोललीस, नेहमीसारखं केलं. मी बोलणार, नाय, तिनं चूक केली. दोघांतलं कोणाचं खरं धरलं असतं त्यांनी, सांग.”

इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी मला वाचवलं. मोठ्या मनाचा माणूस, लहान बहीण समजून गप्प राहिला, असं चित्र मी मनात करून ठेवलं होतं, आणि त्याचा मला आधारही होता. तसं काही नव्हतं. ते हरणार हे त्यांना माहीत होतं, एवढंच. आणि मलाही त्या दिवशी वहीत लिहिताना ते माहीत होतं.

उठताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. “ऑफिसवाल्यांचं सोड. आमच्या आबांना एकदा येऊन सांग. ते बोलत काय नाय, पण त्यांना वाटतं मी शेत बुडवलं. मी सांगून उपयोग नाय, पोरगा आपली बाजू घेतो असं वाटंल.” मी म्हटलं, गणपती झाले की पहिल्या रविवारी येते. गेले नाही. नवरात्रात फोन आला, मी ऑफिसच्या कामाचं सांगितलं. संक्रांतीला मीच फोन केला आणि मुलाच्या परीक्षा झाल्या की येते म्हणाले. “ये सवडीनं,” ते म्हणाले. तेच शेवटचं बोलणं.

ते गेल्यावरही मी दिवस होऊन जाईपर्यंत थांबले, कारण कार्याला माणसं असतात. मग एका रविवारी गेले. पेणहून रिक्षा, पुढे बांधालगतचा कच्चा रस्ता. घर सापडायला वेळ लागला नाही. वैशालीवहिनी दारात आल्या. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा हलला नाही.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “गणपती झाल्यापासून दर रविवारी ते घरातच थांबायचे. बोलायचे, येल ती.”

आबा ओटीवर बसले होते, ऐंशीच्या पुढचे. मिठागरावर काम करून तळपाय लाकडासारखे झालेले. मी समोर बसले आणि हळू आवाजात सुरुवात केली. त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “मोठ्यानं बोल गो. मना ऐकू येत नाय.”

मग मला मोठ्याने बोलावं लागलं. कंपाइलर वगैरे शब्द त्या ओटीवर काही कामाचे नव्हते. ते एकेक करत गळून गेले आणि शेवटी एवढंच उरलं, ते मी जवळजवळ ओरडून सांगितलं. चूक मी केली. मशीन मी बिघडवलं. तुमच्या मुलाने मला आधीच बजावलं होतं, मी ऐकलं नाही, आणि विचारलं तेव्हा खोटं बोलले. समोरच्या ओटीवर दोन बाया सुकट निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. शेजारच्या घरातून एक माणूस बाहेर येऊन उभा राहिला. वैशालीवहिनींनी कोणालाही आत जायला सांगितलं नाही.

मी रडत होते, आणि रडण्याचीही लाज वाटत होती, कारण तिथे रडायचा हक्क माझा नव्हता. आबांनी विचारलं, “तो व्हता ना ऐकाया. तवा का नाय आलीस?”

मी सांगितलं, लाज वाटली म्हणून. त्यांनी मान हलवली. ‘असू दे’ म्हणाले नाहीत, ‘झालं ते झालं’ही नाही. काठी घेऊन उठले आणि चल म्हणाले.

आम्ही बांधावर गेलो. तिथे उघाडी आहे, शेतातलं पाणी खाडीत सोडायची दारं असतात ती. तिच्या बाहेरच्या बाजूला, खाडीत, एक जाड खांब रोवलेला आहे. त्यावर रंगाने रेघा मारलेल्या आणि प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात तिथी. नोकरी गेल्यावरही नामदेवदादा दर पौर्णिमा-अमावास्येला, शिफ्ट सांभाळून, पाणी कुठवर आलं ते इथे मांडत राहिले. रंग वहिनींचा, कुंचलाही त्यांचाच. गाव आता मोबाइलआधी हा खांब बघतं, असं आबांनी सांगितलं. सगळ्यात वर, एकटीच, त्या श्रावण पौर्णिमेची लाल रेघ होती. तिच्या खाली, माझ्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत भरेल इतक्या अंतरावर, एक पांढरी रेघ होती, आणि तिच्याशेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं.

“ती कसली, मी नाम्याला इचारलं व्हतं,” आबा म्हणाले. “बोलला, मशीननं सांगितली ती. मी बोललो, खोटी हाय तर पूस. तो बोलला, र्‍हाऊ दे.”

त्या दिवशी अमावास्या होती, भरती सुरू झाली होती. आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो. पाणी खांबाच्या बुंध्याशी आलं, खालच्या रेघा एकेक करून बुडाल्या, आणि थोड्या वेळाने ती पांढरी रेघही पाण्याखाली गेली.